दारू चढली नव्हती, साखर उतरली होती

विहारात बुद्धवंदना झाली की त्याच सभागृहात आम्ही तपासणीचे टेबल लावतो. एकीकडे रक्तदाब, एकीकडे बोट टोचून साखर. वर्षावासातल्या रविवारी गर्दी बरी असते. साखर वाढलेली निघाली की ठरलेले प्रश्न विचारतो: गोळी कोणती, जेवण किती वाजता, तंबाखू, दारू. पहिल्या दोन रविवारी दारूच्या प्रश्नाला झाडून साऱ्या पुरुषांनी "नाही" सांगितले. समोर तथागतांची मूर्ती, बाजूला बाबासाहेबांची तसबीर, मागे रांगेत सासरे आणि शेजारी. दुसरे उत्तर येणार तरी कसे? तिसऱ्या रविवारी टेबल मागच्या अभ्यासिकेत नेले, दार लोटले आणि एकेकाला आत बोलावले. मग उत्तरे बदलली. "पगाराच्या दिवशी." "फक्त बीअर, दारू नाही." "कामावर उतरायच्या आधी थोडी, नाहीतर वास सहन होत नाही."

त्याच अभ्यासिकेत एक ताई स्वतःची साखर तपासून झाल्यावरही उठल्या नाहीत. त्यांना नवऱ्याबद्दल बोलायचे होते. नवरा सफाई कामगार, वय सत्तेचाळीस, सहा वर्षांपासून मधुमेह. पगार झाला त्या दिवशी मित्रांबरोबर बसला, दोन क्वार्टर झाल्या, सोबत मूठभर शेंगदाणे. रात्री अकराला घरी आला. ताई चिडलेल्या होत्या. जेवण झाकून ठेवले, वाढले नाही. गोळी मात्र हातात दिली, कारण डॉक्टरांनी गोळी चुकवू नका म्हणून बजावले होते. पहाटे चारच्या सुमारास तो घामाने भिजला होता, काहीतरी बरळत होता, हाक मारली तर हात झटकत होता. सासूबाई म्हणाल्या, चढली आहे, झोपू दे, सकाळी उतरेल. सकाळी सहाला तो हलवूनही उठेना. शेजारच्या मुलाने आजीचे साखर मोजायचे मशीन आणले. आकडा आला ३१.

रुग्णवाहिका आली, सलाईनमधून ग्लुकोज गेले, माणूस वाचला. पण मेंदूला काही तास साखर मिळाली नव्हती. आता तो नावे विसरतो, शर्टाची बटणे लावायला त्याला वेळ लागतो. ताई आम्हाला म्हणाल्या, "गोळी मीच दिली, जेवण मीच झाकून ठेवलं." त्यांचा दोष नाही, हे आम्ही त्यांना सांगितले. त्यांना हे आधी कुणी सांगितलेच नव्हते. म्हणून हे पान आज याच विषयासाठी आहे.

आपले यकृत, म्हणजे लिव्हर, हे साखरेचे कोठार आहे. आपण झोपेत असतो, पोट रिकामे असते, तेव्हा यकृत साठवलेली साखर थोडी थोडी रक्तात सोडते. साठा कमी पडला तर नवी साखर तयारही करते. म्हणून रात्री आठला जेवलेला माणूस सकाळी सातला धडधाकट उठतो. दारू पोटात गेली की यकृत तिला विष समजते, आधी ती निपटायला घेते आणि नवी साखर तयार करण्याचे काम मागे पडते. व्हिस्की, रम यांच्या बाटलीवर अल्कोहोल ४२.८ टक्के असे छापलेले असते. म्हणजे १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साठ ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल. एवढे निपटायला यकृताला साधारण सहा ते आठ तास लागतात. दोन क्वार्टर असतील तर दुसऱ्या दिवशीची दुपार होते. तोवर कोठाराला जणू टाळे.

ज्याला मधुमेह नाही, जो पोटभर जेवला आहे, त्याचे एखाद्या रात्री यातून निभावते. पण ज्याच्या पोटात साखर उतरवणारी गोळी आहे किंवा ज्याने इन्सुलिन टोचले आहे, त्याची साखर एका बाजूने औषध खाली ओढत असते आणि दुसऱ्या बाजूने यकृत भर घालत नसते. वर जेवण नाही. ती उतरतच जाते. आणि हे गुत्त्यावर घडत नाही. तिथे कोल्ड्रिंक, बीअर, फरसाण यांनी साखर उलट वाढलेली असते. त्या वेळी मशीनवर २२० दिसले म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये. घसरण होते ती पहाटे, घर झोपलेले असताना. कधी दुसऱ्या दिवशी दुपारी, न्याहारी न करता कामावर गेलेल्या माणसाची.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. पाकीट हातात घेऊन नाव वाचा, किंवा दहावीतल्या पोराला वाचायला सांगा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी नाव असेल तर दारूबरोबर साखर धोकादायक उतरू शकते. वस्तीत सर्रास दिसणाऱ्या जोडगोळीत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड असते, पण लोक तिला "मेटफॉर्मिनची गोळी" म्हणतात आणि फसतात. नुसती मेटफॉर्मिन सहसा साखर एवढी पाडत नाही. मात्र भरपूर दारूबरोबर ती क्वचित रक्तात आम्ल वाढवते. उलट्या, पोटात दुखणे, जोरजोरात श्वास अशी लक्षणे दिसली तर ते हँगओव्हर समजून घरी बसू नये. हल्ली डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्याही लिहून देतात. त्यांच्यावर दारू घेतली आणि जेवण टाळले तर साखर फारशी न वाढताही रक्त आम्लयुक्त होऊ शकते.

आता जेवणाबद्दल. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी महिलांपुढे बोलताना, दारू पिणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला जेवू घालू नका असे बजावले होते. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले, पाळले, आणि कित्येक घरे त्यामुळे उभी राहिली. त्या सांगण्यामागचा धाक आजही खराच आहे. पण तेव्हा वस्तीतल्या घराघरांत साखर उतरवणारी गोळी नव्हती. आज ती फळीवर डब्यात आहे. म्हणून आम्ही ताईंना आणि तुम्हालाही सांगतो: नवरा मधुमेही असेल, अशा गोळीवर किंवा इन्सुलिनवर असेल आणि पिऊन आला असेल, तर त्या रात्री आधी भाकरी वाढा. भांडण सकाळी करा, जोरात करा. जेवणाबरोबर घ्यायची ग्लिमेपिराइडसारखी गोळी आणि जेवणाआधीचे इन्सुलिन यांचा नियम साधा आहे: तो जेवणार नसेल तर ती गोळीही नाही आणि ते इन्सुलिनही नाही. रात्रीचे चोवीस तासांचे इन्सुलिन असेल तर ते मनाने बंद करू नका. अशा रात्री काय करायचे हे डॉक्टरांकडून आधीच विचारून, लिहून घ्या.

चढलेला माणूस आणि साखर उतरलेला माणूस दिसायला सारखेच. जीभ जड, पाय लटपटतात, चिडचिड, बरळणे, वेड्यासारखे हसणे. घाम, थरथर, छातीत धडधड ही साखर उतरल्याची खूण, पण दारूत तीही झाकली जाते. तोंडाला वास आला की सगळ्यांचा निकाल ठरतो, घरच्यांचा आणि कधीकधी दवाखान्यातल्यांचाही. म्हणून मधुमेही माणसाच्या बाबतीत "चढली आहे" हा निकाल मशीनने बोट टोचल्याशिवाय लावू नका. ७० च्या खाली आकडा म्हणजे साखर उतरली. तो शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा पाजा. आकडा वर आला की भाकरी, पोळी, भात, जे असेल ते खाऊ घाला. मग दर दोन-तीन तासांनी उठवून मोजा, कारण दारू आणि गोळी दोन्ही अजून शरीरात असतात, साखर पुन्हा उतरते. मशीन नसेल तर शंकेवरही साखर पाजा. वाढलेल्या साखरेत तीन चमच्यांची भर पडून लगेच जीव जात नाही. उतरलेल्या साखरेत वाट पाहण्याने जाऊ शकतो.

बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, गूळ चोळू नका, पाणी पाजू नका. ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आलेल्या माणसाला पहिले वाक्य हेच सांगा की हा शुगरचा पेशंट आहे, अमुक गोळी घेतो. दारूचे नंतर सांगा, पण सांगा.

"बीअर चालते" म्हणणाऱ्या दादांसाठी थोडक्यात: स्ट्राँग बीअरच्या मोठ्या बाटलीत अर्ध्या क्वार्टरहून जास्त अल्कोहोल असते, वर पिठूळ साखर वेगळी. "कडू प्यायल्याने साखर जळते" हे कारल्याच्या नावावर चालणारे बोलणे आहे. दारूने साखर उतरते हे खरे, पण ती आकड्याने सुधारणा दाखवते तेव्हाच आत घात करत असते. आणि एका क्वार्टरमधून चार चपात्यांएवढी ऊर्जा जाते, त्यात पोषण काही नाही. रोज घेणाऱ्याचे पोट सुटते, रक्तातली चरबी वाढते, स्वादुपिंड सुजू शकते. पायांचे तर दुहेरी नुकसान. मधुमेह पायांच्या नसा मारतो, दारूही मारते. मुंग्या येतात, आग होते, मग काहीच कळेनासे होते. गमबुटात काच गेली तरी पत्ता लागत नाही. पाय कापावा लागलेली माणसे आपल्या वस्तीत आहेत, त्यांची नावे सांगायची गरज नाही.

पाचवे शील आपल्याला पाठ आहे, बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता, शेवटची वर्षे त्यांनी इन्सुलिन आणि पथ्य सांभाळत काढली. मधुमेहात दारूचे चांगले प्रमाण किती, असे विचाराल तर आमचे उत्तर शून्य. पण शील मोडल्याची लाज वाटून माणूस डॉक्टरांपुढेही खोटे बोलतो, डॉक्टर त्या खोट्यावर गोळी वाढवतात, आणि वाढवलेली गोळी रिकाम्या पोटी दारूवर जाते. लाजेने आणखी एक होते: "आज बसायचे आहे" म्हणून गोळीच चुकवतात, आठवड्यातून दोन-तीनदा. मग साखर चारशेला जाते आणि औषध लागू पडत नाही म्हणून डॉक्टर बदलतात. डॉक्टरांना एवढेच सांगा: मी पितो, एवढी पितो, या वारी पितो. साखर फारशी न पाडणारी गोळी बदलून देता येते.

वर्षावासात किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला शपथ घेऊन एकदम सोडणारेही पुष्कळ. त्यांचे कौतुकच. फक्त जो वर्षानुवर्षे रोज, सकाळपासून पितो, त्याने घरी एकट्याने एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम येतो, झटके येऊ शकतात, भास होतात. यातली थरथर आणि घाम साखर उतरल्यासारखेच दिसतात, तिथे पुन्हा गोंधळ. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात आठवडाभर औषधे देऊन हे सुखरूप करता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे विनाशुल्क सरकारी क्रमांक आहेत. भिंतीवर चिकटवलेल्या "न सांगता दारू सोडवा" वाल्या पावडरी मात्र भाजीत कालवू नका. त्यात काय आहे हे पाकिटावर लिहिलेले नसते, आणि मधुमेह्याच्या पोटात काय जाते हे घरातल्या कुणाला तरी माहीत असावेच लागते.

त्या ताई आता नवऱ्याला घेऊन महिन्यातून एकदा येतात. तो पीत नाही, गोळीही बदलली आहे. त्यांच्या गल्लीतल्या पाच घरांनी मिळून एक साखर मोजायचे मशीन घेतले. ते कुणाच्या घरी ठेवायचे यावर बरीच चर्चा झाली, शेवटी ज्या घरात रात्री दार लगेच उघडते त्या घरी ठेवले. पट्ट्यांची तारीख संपली नाही ना, हे तिथली सून बघते.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर टेबल मागच्या अभ्यासिकेतच असेल. गोळ्यांची पाकिटे बरोबर आणा, चिठ्ठी नसली तरी चालेल. दार लोटलेले असेल.