पिंगळा आणि रानपिंगळा



आपल्या पिरनवाडीत दिवेलागणीला विजेच्या तारेवर बसून कलकलाट करणारा वीतभर पक्षी म्हणजे पिंगळा. डोक्यावर, पाठीवर पांढरे ठिपके. जुने वाडे, चिंचेची ढोली, त्याला सगळे चालते. पहाटे दारी येणारा पिंगळा जोशी याचीच भाषा कळते म्हणून सांगत असे. ‘पेपरात येतो तो दुर्मिळ रानपिंगळा आमच्या परसात आहे, डॉक्टर,’ असे पेशंट मला कौतुकाने सांगतात. तो हा नव्हे. खानापूरच्या रानातला, अंगभर बारीक आडव्या रेघा असलेला जंगली पिंगळाही तो नव्हे.

रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्याचे, पंखांवर व शेपटीवर ठळक पट्टे, पाय दणकट. ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे वर्णन केले. नमुना आजच्या छत्तीसगडातला होता. पुढे डेव्हिडसन यांना तो खानदेशात मिळाला. १८८४ नंतरचा नमुना एकच: गुजरातेत मांडवीला १९१४ साली मिळाल्याची चिठ्ठी असलेला, कर्नल माइनर्ट्झहागेन यांचा. पामेला रासमुसेन यांच्या तपासणीत तो संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसन यांचाच पक्षी निघाला. कातडे भरण्याच्या पद्धतीवरून हात ओळखू आला. कुपीवरचे लेबल बदलले तर काय होते, ते आम्हा होमिओपॅथीवाल्यांना सांगायला नको! मांडवी वगळून त्या व त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी हिंडले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, ११३ वर्षांनी, पक्षी दिसला. तोही सकाळच्या उन्हात, उघड्या फांदीवर.

त्याचे हे दिवसा वावरणे ध्यानात घ्यावे. सरडे, उंदीर, किडे तो उजेडात टिपतो. त्यासाठी खालची जमीन दिसेल असे विरळ, पानगळीचे सागवानी रान हवे, आणि घरट्याला ढोली असलेली जुनी झाडे. सातपुड्यात हे दोन्ही मिळते. तोरणमाळ, यावल, मेळघाट, पलीकडे खंडवा, इथे तो पुढे सापडत गेला. पण रान मोडून शेते होतात, जुने झाड आधी तोडले जाते, शिवाय घुबडाच्या अंडी-अवयवांवर भोंदूगिरी चालते ती वेगळीच.

२०१४ साली तो ठाणे जिल्ह्यात तानसा अभयारण्यात दिसला. ते रान सातपुड्याहून ओलसर. त्यामुळे तो फक्त मध्य भारताच्या कोरड्या रानातला, हा समज सोडावा लागला.