माहिती चौकट: बाळाच्या खोलीतला प्राणी

लाडका प्राणी भिंतीपेक्षा कापडावर आणलेला बरा. १ ते ३ वर्षांच्या मुलाची आवड लवकर पालटते. पडदा, चादर, उशीचा अभ्रा बदलणे सोपे असते. भिंत रंगवायचीच असेल, तर डब्यावरचा मजकूर वाचावा. घरगुती रंगात शिशाची कमाल मर्यादा ९० पीपीएम आहे. हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. ‘भिंत कोण चाटतंय?’ हा आक्षेप टिकत नाही. जुन्या रंगाचे पोपडे आणि धूळ रांगत्या मुलाच्या हाताला लागतात, आणि हात तोंडात जातोच. मऊ खेळण्यांनी सजावट करताना आयएसआय चिन्ह पाहावे (खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक). वर्षाच्या आतील बाळाच्या बिछान्यात मात्र ती ठेवू नयेत.

जिराफच हवा असे नाही; आपल्याकडचे प्राणी-पक्षीही चालतील. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा (घोषणा जानेवारी २०२०). तिथे रोहित पक्षी येतात. शेकरू हा राज्यप्राणी. चित्रकला जमत नाही म्हणणाऱ्यांसाठी वारली शैली आहे: गेरूवर पांढरा रंग, दोन त्रिकोण आणि काही रेघा, की प्राणी तयार.