टाकूच्या पोटातला हिशेब

अलास्काची राजधानी जुनो. गावामागचा डोंगर चढून गेलं की थेट कॅनडापर्यंत बर्फच बर्फ, सुमारे 3,900 चौरस किलोमीटर. मेनार्ड मिलर हे तरुण भूवैज्ञानिक 1946 साली इथे पाहणीला आले आणि 1948 पासून 'जुनो आइसफील्ड रिसर्च प्रोग्राम' रीतसर सुरू झाला. सुरुवातीचा पैसा अमेरिकी नौदलाचा; शीतयुद्धात बर्फाळ प्रदेशाची माहिती लष्करालाही हवीच होती. पुढे त्याची विद्यार्थ्यांची उन्हाळी शाळा झाली, ती अजून भरते.

जुनोहून निघायचं, स्कीवरून हिमक्षेत्र ओलांडायचं आणि उन्हाळा सरता सरता कॅनडातल्या अ‍ॅटलिन गावी उतरायचं. आधी दोर बांधून चालायला आणि हिमभेगेत पडलेल्याला वर काढायला शिकायचं, विज्ञान त्यानंतर. मुक्काम बर्फातून वर आलेल्या खडकांवरच्या साध्या झोपड्यांत.

आणि विज्ञान बरंचसं फावड्याचं! गेल्या उन्हाळ्याचा थर लागेपर्यंत खोल खड्डा खणायचा, थराथराचे नमुने तोलून घनता काढायची. वर्षभरात किती हिम साठलं ते त्यातून कळतं. लेमन क्रीक हिमनदीची अशी नोंद 1953 पासूनची, टाकूची 1946 पासूनची. मिलर 1963च्या अमेरिकी एव्हरेस्ट मोहिमेतही होते. मला विचाराल तर हे खड्डे त्या शिखराहून मोठे.

त्याला कारण टाकू. शेजारच्या हिमनद्या मागे हटत असताना ही विसाव्या शतकात बराच काळ पुढेच सरकत होती. तोंडाशी तिने स्वतःच गाळाचा बांध घातला होता, त्यामुळे बर्फाचे कडे समुद्रात कोसळणं थांबलं. शिवाय वरचं हिम साठण्याचं क्षेत्र अफाट. पाहणाऱ्याला वाटावं, हिला ऊन लागतच नाही. खड्ड्यांतले आकडे मात्र वेगळं सांगत होते. 1988पर्यंतची जमा 1989पासून तुटीत गेली, आणि तोंड मागे सरकल्याचं दिसलं ते 2018च्या सुमारास. आधीची तीसेक वर्षं ही गोष्ट फक्त वहीत होती, दर उन्हाळ्याला बदलणाऱ्या पोरांच्या हातून भरलेल्या वहीत.

मिलर 2014 साली गेले. 2024च्या एका अभ्यासानुसार 2015 ते 2019 या काळात या हिमक्षेत्राचं क्षेत्रफळ 1948–79च्या तुलनेत पाचपट वेगाने घटलं.

आपल्याकडे हिमाचलातल्या छोटा शिग्री हिमनदीची वार्षिक मोजणी 2002पासूनची आहे. भूगोल-भूशास्त्राच्या विभागांनी दर उन्हाळ्याला चार मुलं तरी अशा कामावर धाडावीत.