मांजरा-तेरणेच्या खोऱ्यांत सायकल : वैद्यकदृष्ट्या एक विचार

प्रमेह, स्थौल्य आणि संधिगत वात या तीन व्याधींचे रुग्ण आज खेड्यातील चिकित्सालयातही रोज येतात. शेतीचे काम यंत्रांनी हलके केले आणि शेताच्या बांधापर्यंत मोटारसायकल पोहोचली. त्यामुळे ग्रामीण रुग्णाला पूर्वी न मागता मिळणारा व्यायाम आता औषधाप्रमाणे लिहून द्यावा लागतो. आपण बहुधा ‘रोज चालत जा’ असे सांगतो. परंतु ज्याचे गुडघे दुखतात वा वजन फार वाढले आहे, तो चार दिवसांत चालणे सोडतो. अशा रुग्णासाठी सपाट मुलखातील संथ सायकल हा उत्तम पर्याय आहे. प्रस्तुत लेखात येरमाळा परिसर समोर ठेवून त्याचा विचार केला आहे.

परिसर

धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील येरमाळा हे गाव येडेश्वरी देवीमुळे सर्वपरिचित आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत चुन्याचे खडे वेचण्याच्या विधीसाठी लाखो भाविक येथे येतात. सायकलस्वाराच्या दृष्टीने गावाचे महत्त्व वेगळे आहे. हा भाग बालाघाटच्या पठारावर वसलेला आहे. कळंबच्या दिशेला मांजरेचे खोरे, तर दुसऱ्या बाजूस तेरखेडा परिसरात उगम पावणारी तेरणा. टेकड्यांचा उतार ओलांडला की दोन्ही खोऱ्यांत काळ्या मातीची मोकळी शिवारे, शाळू, हरभरा, तूर, ऊस आणि गावागावांना जोडणारे शिवरस्ते व पाणंद रस्ते लागतात.

माउंटन बाइक म्हटले की कड्यावरून उड्या मारणारा तरुण डोळ्यांपुढे येतो. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील डोंगरउतारांवर या सायकलीचा जन्म झाला, म्हणून ते चित्र स्वाभाविकच आहे. परंतु तिचे रुंद टायर, बळकट चौकट आणि हलके गिअर हे गुण खडबडीत पाणंद रस्त्यासाठीही तितकेच उपयोगी आहेत. धक्के कमी बसतात, तोल सहज राहतो आणि लहानसा चढ गुडघ्यावर जोर न देता चढता येतो. महागडी सायकल घेण्याचे मात्र कारण नाही. घरातील साधी सायकल सुस्थितीत असेल तर सुरुवात तिच्यावरच करावी.

शास्त्राचा आधार

सायकल ग्रंथांत नाही. व्यायामाची मात्रा मात्र स्पष्ट आहे. वाग्भटाने बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यास शीतकाळी आणि वसंतात अर्धशक्तीने, इतर वेळी त्याहूनही मृदू व्यायाम सांगितला आहे. श्वास मुखाने घ्यावासा वाटणे, कपाळ व काखेत घाम येणे आणि मुखशोष ही अर्धशक्तीची लक्षणे आपण जाणतोच. रुग्णास ती अशी सांगावीत : सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. या सीमेपलीकडे गेल्यास तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, कास, ज्वर आणि छर्दी यांचा धोका चरकाचार्यांनी सांगून ठेवला आहे.

प्रमेहचिकित्सेत सुश्रुताने निर्धन रुग्णास पादत्राण व छत्रीशिवाय शंभर योजने चालण्यास सांगितले आहे. त्यातील शब्दशः अर्थ आज कोणी पाळणार नाही. दीर्घकाळ, नित्य आणि मोकळ्या हवेतील श्रम हे त्याचे मर्म घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविला. आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास सायकल चालविल्यास त्यातील किमान मर्यादा पूर्ण होते.

संधिगत वातात सायकलचा विशेष लाभ असा की देहाचा बराचसा भार सीटवर जातो आणि गुडघ्याची हालचाल आघाताविना होते. मात्र सीट बसकी असल्यास गुडघा अधिक वाकून पुढील बाजूस दुखू लागतो. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवावी आणि जड गिअरऐवजी हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवावेत.

कोणास देऊ नये

अजीर्ण, ज्वर, रक्तपित्त, क्षीण देह आणि अनियंत्रित रक्तदाब यांत सायकल नको. छातीत दुखण्याचा पूर्वेतिहास असल्यास हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी. इन्शुलिन वा साखर उतरविणाऱ्या आधुनिक गोळ्या घेणाऱ्या प्रमेही रुग्णाने उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर वा गूळ ठेवावा. अर्श रक्तस्रावी असताना सीटचा दाब टाळावा. भगंदराचा व्रण भरून आल्यावरही वर्षभर व्यायाम आणि पृष्ठयान, म्हणजे घोडा आदींच्या पाठीवर बसणे, वर्ज्य करावे, असे सुश्रुताने सांगितले आहे. सायकलची सीट हे त्याच जातीचे आसन होय. क्षारसूत्र करणाऱ्या वैद्यांनी हा निषेध रुग्णास आवर्जून सांगावा.

मार्ग व काळ

सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग येरमाळ्यावरून जातो. त्यावर अवजड वाहनांची वर्दळ असल्याने सायकलसाठी तो टाळावा, केवळ ओलांडावा. कळंब येथून सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे आणि मांजरा नदी त्या गावाजवळून वाहते. नदीकडे जाताना उतार मिळतो व परतताना चढ लागतो, हे नवख्याने ध्यानी ठेवावे. शक्तीचा निम्मा भाग संपण्याआधीच मागे फिरावे. पहिल्या महिन्यात पाच-सहा किलोमीटर जाऊन येणे पुरेसे आहे.

सवय झाल्यावर येडशीजवळील रामलिंगचा परिसर पाहावा. तेथील रामलिंग घाट अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले असून घळीतील शिवमंदिर प्रसिद्ध आहे. त्याहून पुढे तेरणाकाठी तेर आहे. पेरिप्लसमध्ये उल्लेखिलेले व्यापारी नगर तगर ते हेच. संत गोरा कुंभारांची समाधी, त्रिविक्रम मंदिर आणि रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहण्यास तेथे दिवस पुरत नाही.

पावसाळ्यात काळी माती चाकात बसून सायकल जागची हलत नाही. शिवाय वर्षाऋतूत व्यायाम अल्पच असावा. दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, म्हणून डांबरी रस्त्यावर अंधारात जाऊ नये व मागे लाल दिवा लावावा. चैत्री यात्रेच्या दिवसांत गर्दीमुळे सायकल घरीच बरी.

वनौषधींची ओळख

औषधालय चालविणाऱ्या मित्रांना या भ्रमंतीचा आणखी एक लाभ आहे. आघाडा, पुनर्नवा, रिंगणी, टाकळा, पळस, बाभूळ आणि गोखरू ही द्रव्ये आपण पोत्यांतून विकत घेतो. पण बांधावर वाढणारी वनस्पती मुळापासून फुलापर्यंत पाहिली असेल तर पोत्यातील भेसळ लवकर ओळखता येते. मोटारीतून ती दिसत नाही, सायकलवरून दिसते. गोखरूची ओळख तर टायरच करून देतो! त्याचे व बाभळीचे काटे हे येथील पंक्चरचे मुख्य कारण असल्याने जादा ट्यूब, पंप आणि ठिगळाचे सामान जवळ असावे. अभयारण्यातून मात्र एक पानही तोडू नये. तो कायद्याने गुन्हा आहे.

वैद्याचे आचरण

महाराष्ट्रातील वैद्यकीय व्यावसायिकांनी या क्षेत्रात मोठे काम केले आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ स्पर्धा सांघिक गटात पूर्ण केली, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण केली. आपल्याला इतके अंतर कापावयाचे नाही. पण दिवसभर गादीवर बसून नाडी पाहणाऱ्या वैद्यालाही आस्यासुख हे प्रमेहाचे निदान लागू आहेच. गावात मोटारसायकल ही प्रतिष्ठेची खूण ठरली असताना रुग्णास पुन्हा सायकलवर बसावयास सांगणे सोपे नाही. गावचा वैद्य स्वतः सकाळी सायकलवरून शिवारात जाताना दिसला, तर त्याच्या शब्दास निराळे वजन येईल. येत्या हेमंतात चिकित्सालयातील दोन-तीन योग्य रुग्ण निवडून, त्यांचे वजन, कंबरेचा घेर व रक्तशर्करा नोंदवून हा प्रयोग करावा आणि तीन महिन्यांच्या नोंदी याच त्रैमासिकाकडे पाठवाव्यात, ही वाचक वैद्यबंधू-भगिनींना विनंती.