टायमर विका, पण उणीव सांगून

डोणगावसारख्या (ता. मेहकर) गावी विजेचे सामान विकणाऱ्या बांधवाने फिश टँकचा दिवा वेळेवर लावणारा-विझवणारा टायमर दुकानात ठेवायचे ठरवले, तर किमतीच्या आधी एक गोष्ट पाहावी. वीज गेल्यावर तो टायमर वेळ राखतो काय?

बाजारात दोन प्रकार मिळतात. पहिला तबकडीचा. बहुतेक तबकड्यांना ९६ खिट्ट्या असतात. प्रत्येक खिट्टी १५ मिनिटांची. आतील लहान मोटर विजेवर फिरते. वीज गेली की ती थांबते आणि वीज आल्यावर थांबली तेथूनच पुढे चालू लागते. रोज २ तास वीज गेली, तर ६ दिवसांत घड्याळ १२ तास मागे पडते. मग दिवसाचा दिवा रात्रभर जळतो. दुसरा प्रकार डिजिटल. यात बॅटरी असल्याने वीज नसतानाही वेळ चालू राहते. मात्र माल पडून राहिल्यास ही बॅटरी उतरते. म्हणून विकण्यापूर्वी टायमर काही तास प्लगमध्ये ठेवावा, वेळ लावावी, मग अर्धा तास काढून ठेवून वेळ बरोबर आहे का ते पाहावे.

टायमरवर फक्त दिवा लावावा. साधारण ८ तास पुरे. जास्त उजेडाने शेवाळ वाढते. एअर पंप आणि फिल्टर टायमरवर कधीही लावू नयेत. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसातच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंप रात्री बंद राहिला, तर सकाळी मासे मेलेले दिसू शकतात. हीटरला स्वतःचा थर्मोस्टॅट असतो. त्यालाही टायमर नको.

टायमरवर छापलेले १६ अँपिअर सहसा साध्या बल्बसारख्या भारासाठी असतात. चोक किंवा मोटर असलेल्या उपकरणासाठी क्षमता कमी धरावी. नाहीतर ठिणगीने आतील संपर्क चिकटतात आणि दिवा बंदच होत नाही. पिना सॉकेटमध्ये घट्ट बसाव्यात. सैल पिन तापते. सॉकेट टँकच्या खाली नसावे, आणि वायरचा झोळ सॉकेटच्या खाली लोंबता ठेवावा, म्हणजे ओघळणारे पाणी टायमरमध्ये शिरत नाही.

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. हाच नियम येथेही लागू आहे. तबकडीचा टायमर विकणे गैर नाही. पण "वीज गेली तर काटा पुन्हा जुळवावा लागेल" हे वाक्य पैसे घेण्यापूर्वी सांगावे. ज्याला ते जमणार नाही, तो डिजिटल घेईल. आणि पुढचे सामान घ्यायलाही आपल्याच दुकानी येईल.