कंट्रोलर बदलाल, अंगठा कसा बदलणार?

कोणता कन्सोल सरस, कोणाचा कंट्रोलर हातात नीट बसतो, यावर गेम खेळणारे तासन्‌तास वाद घालतात. अंगठ्याची मात्र कुणी चौकशी करत नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९० साली ३५ वर्षांच्या एका महिलेची नोंद प्रसिद्ध झाली. सलग ५ तास निन्टेन्डो खेळल्यावर तिचा उजवा अंगठा खूप दुखू लागला होता. या दुखण्याला नाव पडले ‘निन्टेन्डिनायटिस’. सतत बटणे दाबल्याने स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांवर ताण येतो आणि त्या दुखू लागतात. कंट्रोलर महागडा असला, तरी हा ताण चुकत नाही. म्हणून अधूनमधून तो खाली ठेवा, बोटे मोकळी करा. अंगठा दुखू लागला, तर खेळ तिथेच थांबवा. विश्रांतीनेही बरे वाटले नाही, तर डॉक्टरांना दाखवा.