गोठ्याच्या लाकडी सांगाड्यासाठी भोके पाडण्याची अवजारे : निवड व वापर

गोठा, कांदाचाळ किंवा अवजारांची पडवी उभारताना आपण लाकूड चांगले निवडतो, पत्रा जाड घेतो. परंतु सांध्याकडे दुर्लक्ष होते. सांगाड्याची खरी ताकद खांब व तुळई जिथे एकत्र येतात तिथे असते. तुळईच्या टोकाला काढलेली कूस खांबाच्या चौकोनी भोकात घट्ट बसली, तर सांगाडा वाऱ्याला दाद देत नाही. भोक सैल किंवा वाकडे झाले, तर तोच सांगाडा हलू लागतो, खिळे ढिले होतात आणि एखाद्या वादळात छप्पर जाते. दि. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात अनेक घरांची व गोठ्यांची छपरे उडाली. म्हणून भोके कोणत्या अवजाराने पाडावीत, हे लाकूड आणण्यापूर्वीच ठरवावे.

आधी कामाचा अंदाज घ्या

सहा खांब, दोन लांब तुळया, तीन आडव्या तुळया व सहा तिरके टेकू असा साधा गोठा धरू. खांबांच्या डोक्यावरील कुशींसाठी लांब तुळयांत ६, आडव्या तुळयांसाठी खांबांत ६ आणि टेकूंच्या दोन्ही टोकांसाठी १२, अशी एकूण २४ भोके लागतात. एवढ्या कामासाठी महागडे यंत्र विकत घेण्याची गरज नाही.

भोकाची रुंदी लाकडाच्या जाडीच्या पाव ते एकतृतीयांश ठेवावी. सहा इंची खांबात दीड इंच रुंद भोक योग्य. त्याहून मोठे केल्यास खांब कमकुवत होतो. एकाच उंचीवर शेजारच्या दोन बाजूंनी भोके पाडू नयेत. ती वर-खाली घ्यावीत.

हाताची अवजारे

१) विंधणे : ही जाड पात्याची, अरुंद पटाशी. ठोकून आत घालायची आणि तरफेसारखी वापरून ढलपा उचलायचा, असे तिचे काम. दारे-खिडक्यांच्या चौकटींतील लहान भोकांसाठी ती उत्तम. दीड इंच रुंद व चार-पाच इंच खोल भोक एकट्या विंधण्याने पाडता येते, पण वेळ व श्रम फार लागतात.

२) गिरमिट आणि रुंद पटाशी : गोठ्याच्या कामास ही जोडी सर्वांत सोयीची. भोक दीड इंच रुंद असेल तर सव्वा इंची गिरमिट घ्यावे. पाच इंच लांबीच्या भोकासाठी प्रथम दोन टोकांना व नंतर मध्ये, अशी तीन छिद्रे पाडावीत. छिद्रे एकमेकांत घुसू देऊ नयेत, कारण गिरमिटाच्या टोकावरील स्क्रूला पकडायला अखंड लाकूड लागते. उरलेले लाकूड दीड इंची पटाशीने काढून बाजू सरळ कराव्यात. आरपार भोक असल्यास दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे पाडावे. एकाच बाजूने पाडल्यास पलीकडे लाकूड फुटते.

विजेची अवजारे

भिंतीला छिद्रे पाडणारे लहान ड्रिल मशीन वेगाने फिरते, पण त्याला जोर कमी असतो. त्यावर मोठे गिरमिट लावल्यास मोटार तापून जळू शकते. कमी वेगाचे, जास्त ताकदीचे व बाजूला दुसरी मूठ असलेलेच मशीन घ्यावे. गिरमिट अडकल्यास मशीन मनगटाला जोराचा हिसका देते. म्हणून दोन्ही हातांनी पकडावे.

चौकोनी पोकळ पटाशीत गिरमिट बसवलेले यंत्र स्वच्छ भोक पाडते. मात्र ते मुख्यतः चौकटींच्या कारखान्यासाठी आहे. जाड तुळयांना साखळीचे यंत्र उपयोगी पडते. ते तुळईवरच बसवता येते व काम झपाट्याने होते. परंतु ते महाग असते व साखळीला वारंवार धार लावावी लागते. वर्षभर अशी कामे घेणाऱ्या सुतारालाच ते परवडते. अनेकांना मिळून गोठे बांधायचे असल्यास ते भाड्याने घ्यावे.

लाकडाप्रमाणे निवड

साग कापायला सोपा, पण त्यात सिलिका असल्याने धार लवकर बोथट होते. वाळलेली बाभूळ व खैर कठीण. त्यांत आधी गिरमिट चालवणेच फायद्याचे. निलगिरी वाळताना आकसते व चिरते, म्हणून टोकाजवळ भोक घेऊ नये. ओले लाकूड कापायला हलके जाते, परंतु ओल्या लाकडाची कूस पुढे आकसून सैल होते. निदान कुशीचे लाकूड व मेखा तरी पूर्ण वाळलेल्या असाव्यात.

जुन्या वाड्याचे सागवान घेतले असेल, तर लोहचुंबक फिरवून खिळे शोधून काढावेत. एका खिळ्याने पटाशीचा दात पडतो, तर फिरत्या साखळीमुळे इजाही होऊ शकते.

पटाशी घेताना काय पाहावे?

• पात्याची पाठ पोलादी पट्टी लावून सपाट आहे का ते पाहावे.
• मुठीच्या डोक्यावर लोखंडी कडे असावे, म्हणजे ठोकताना मूठ फुटत नाही.
• धार लावून कठीण लाकडावर चालवून पाहावी. धार वळली तर पोलाद मऊ. तुकडा उडाला तर ठिसूळ. गावच्या लोहाराने कमानपट्ट्याच्या पोलादापासून बनविलेली पटाशीही याच कसोटीला उतरली तर अवश्य घ्यावी.
• ठोकण्याच्या कामासाठी धारेचा कोन ३० अंशांच्या आसपास ठेवावा. यंत्राच्या सहाणेवर धार लावताना पाते पाण्यात बुडवत राहावे. ते निळे पडले की पोलादाचे पाणी उतरले असे समजावे.

आखणी व सुरक्षितता

गुण्या लावून अणकुचीदार टोकाने रेघा माराव्यात. पेन्सिलीची जाड रेघ फसवते. गिरमिटाला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करावी. भोक कुशीपेक्षा पाव इंच खोल ठेवावे, म्हणजे कूस तळाला टेकून अडत नाही.

लाकूड हलणार नाही असे बांधावे. दोन्ही हात धारेच्या मागे ठेवावेत. पटाशीवर लाकडी हातोडाच वापरावा. यंत्रावर काम करताना सैल बाही, उपरणे व हातमोजे टाळावेत, चष्मा लावावा आणि गिरमिट किंवा साखळी बदलण्यापूर्वी प्लग काढावा.

सारांश, २०-२५ भोकांच्या गोठ्यासाठी सव्वा इंची गिरमिट, दीड इंची जाड पटाशी, लाकडी हातोडा, गुण्या व धार लावण्याचा दगड एवढे पुरेसे आहे. यंत्राचा खर्च वाचवून तो पैसा वाळलेल्या लाकडावर खर्च करावा. कूस हाताच्या दाबाने अर्धी व हातोड्याच्या हलक्या ठोक्यांनी पूर्ण बसली, की सांधा जमला असे समजावे.